हनुवटीचा घोर

धरमपेठ, नागपूर
१२ मे

आत्या,

फोन केला नाही म्हणून रुसू नको. फोनवर बोलायचं तर बाबा शेजारी बसलेले असतात, आणि तू स्पीकर लावतेस, मग अर्ध्या खापा गावाला ऐकू जातं. म्हणून हे पत्र बळीरामकाकांच्या हाती देते. ते कॉटन मार्केटला भाजी उतरवून रिकाम्या गाडीनं परत जातात. उत्तरही त्यांच्याच हाती पाठव. बाबांना कळू देऊ नको.

सरळ मुद्द्यावर येते. मी हनुवटीचं ऑपरेशन करून घेणार आहे. माझी हनुवटी डावीकडे वाकडी आहे. हसू नको, आधी पूर्ण वाच. पूर्वी क्लासमध्ये फळ्यासमोर शिकवायचे तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं. आता तीन वर्षं झाली, आमचा क्लास सगळा ऑनलाइन आहे. दिवसभर मी पोरांना गणित शिकवते आणि दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात माझंच तोंड मला दिसत राहतं. बोलताना हनुवटी बाजूला सरकते. ती मला दिसली की पुढची पायरी विसरते. पोरं म्हणतात, मॅडम, तुम्ही अडकल्या. त्यांना वाटतं नेट गेलं.

रस्त्यावर बरं असतं. उन्हाच्या नावाखाली नागपूरच्या सगळ्या पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवतात, त्यात मी खपून जाते. पण परवा सीताबर्डीला ड्रेस घ्यायला गेले आणि दुकानातल्या आरशासमोर एवढा वेळ अडकले की बाहेरच्या बाया दार वाजवायला लागल्या. ड्रेस न घेताच आले.

डॉक्टर ऑपरेशन करायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. आधी देवकी मॅडम म्हणून एक समुपदेशक आहेत, त्यांच्याशी बोल, त्यांनी हो म्हटलं की तारीख देतो. मॅडम बसतात अमरावतीला, म्हणजे बोलणंही ऑनलाइनच. ज्या चौकोनानं माझं डोकं फिरवलं, त्याच चौकोनात बसून आता ते ठिकाणावर आणायचं. असो. दोन-चार वेळा गोड बोलीन आणि हो मिळवीन.

तुझ्याकडून एकच पाहिजे. ऑपरेशन झालं की माझ्याजवळ राहायला ये. आईला बोलावलं तर ती रडत बसेल आणि बाबांना सांगून टाकेल.

आणि खरं सांग. तू मला जन्मापासून पाहिलं आहेस. हनुवटी वाकडी आहे ना?

दामिनी


खापा
१५ मे

दामिनीले आत्याचा आशीर्वाद. इथं सारे ऊन खाऊन आहेत, बाकी ठीक.

पत्र दोनदा वाचलं. पयल्यांदा वाटलं, पोरगी गंमत करून राहिली. तुले झालं काय वं? अवं, तुह्या बापाचं नाक पाह्य. वांग्यावानी नाक घेऊन नगरपरिषदेले उभा राहिला अन् निवडूनही आला. तुही हनुवटी एकदम चांगली आहे. सरळ आहे. आता झालं समाधान?

चांगल्या जित्या हाडाले करवत लावायची, हे कोणी शिकवलं तुले? मी अंगणवाडीत जिंदगी काढली, किती पोरी या हातानं मोठ्या केल्या, एकीनंही असं सोंग काढलं नाई. मी येणार नाई.

अन् येऊ तरी कशी? गुडघा तं धरलाच आहे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला म्हणते डॉक्टर. नागपूरले नेऊन काढा म्हणते. तुह्या बापाले, रुपरावले म्हटलं तं तो म्हणते पेरणी होऊ दे. पेरणी झाली की म्हणन डवरणी होऊ दे. माह्या ओळी वाकड्या चालल्या असतीन तं समजून घेजो.

शेजारच्या सुशीलच्या लग्नात तू नव्हती, साऱ्याईनं विचारलं. मी म्हटलं परीक्षा आहे. शिकवणाऱ्या बाईची कोणती परीक्षा असते, असं तुही आई मले म्हणे. आता कळलं काहून नाई आली.

जेवत जाय. मागच्या फोटोत सुकलेली दिसली.

तुही आत्या
जयवंता


धरमपेठ
९ जून

आत्या,

तुझं 'एकदम चांगली आहे' मला एक संध्याकाळ पुरलं. मग झोपताना वाटलं, हिनं एकदम कशाला लिहिलं? ज्याचं खरंच चांगलं असतं त्याला कोणी एकदम चांगलं म्हणत नाही. समजूत काढायची असली की म्हणतात.

हे मी देवकी मॅडमना सांगितलं. त्यांना ते फार महत्त्वाचं वाटलं, आणि मला त्यांचा राग आला. तसा पहिल्या दिवसापासूनच येतो आहे. पहिल्या वेळी मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही, पूर्ण वेळ स्वतःची हनुवटी पाहत बसले. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे पाहता आहात? मग त्यांनी स्वतःचा चौकोन लपवायचं बटण दाखवलं. तीन वर्षं ते बटण तिथं होतं आणि मला माहीत नव्हतं. दाबलं. आता फक्त त्या दिसत होत्या. तुला वाटेल मला बरं वाटलं असेल. अजिबात नाही. मी कशी दिसते आहे याचा पत्ताच लागेना.

मग त्यांनी विचारलं, असं वाटलं की कोणाला विचारता? म्हटलं, आत्याला. फोटो पाठवते आणि पत्रात विचारते. त्या म्हणाल्या, विचारलं की थोडा वेळ बरं वाटतं आणि मग जास्त विचारावंसं वाटतं, म्हणून विचारणंच थांबवायचं. फोटो बंद. आणि मी विचारलंच तर आत्यानं उत्तर द्यायचं नाही. सरळही म्हणायचं नाही आणि वाकडीही म्हणायचं नाही. सुकली, भरली, उजळली हेसुद्धा नको. हे तुला कळवायचं काम माझ्याकडे दिलं आहे. कळवलं.

मला पटलेलं नाही. पण त्यांच्या हो शिवाय तारीख नाही.

विचारायचं नाही हे कळतं. तरी हे शेवटचं. सरळ आहे म्हणालीस ते मनापासून, की समजूत काढायला? आणि तुझ्या डोळ्यात तर मोतीबिंदू आहे. तुला काय दिसतं?

दामिनी


खापा
१४ जून

दामिनी,

मोतीबिंदूवर बोलली थे लागलं मले. डावा डोळा शाबूत आहे माहा.

अन् हे कोणतं शास्त्र काढलं तुह्या मॅडमनं? अंगणवाडीत पोरगं पडलं की आपण म्हणतो काई नाई झालं रे, मुंगी मेली. थे उठते अन् पळते. तुही मॅडम असती तं म्हणाली असती पडू द्या, काई बोलू नका. माणसानं माणसाले दोन बरे शब्द बोलायचे नाई तं मंग बोलायचं काय? आपल्याकडं पाहुणा उंबऱ्यावर आला की पयले म्हणतात काहून सुकला. त्याले माया म्हणतात. आता थेही बंद.

बरं. तुह्यासाठी बंद. हनुवटीवर मी एक अक्षर लिवत नाई.

मनापासूनच म्हटलं होतं पण.

हे पाह्य, सांगूनच टाकलं. मले नाई जमत हे.

डोळ्याचं रुपरावले पुन्हा म्हटलं. पेरणी सुरू आहे म्हणते.

जयवंता आत्या


धरमपेठ
३० जुलै

आत्या,

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला घेतलं की शेवटी तोच प्रश्न येतो आणि मग कागद फाडावा लागतो.

मॅडमकडे दर आठवड्याला बसते. आता शिकवतानाही माझा चौकोन लपवलेला असतो. पायऱ्या विसरत नाही. परवा त्यांनी काम दिलं, स्कार्फ न बांधता कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन या. गेले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, साबण दिला आणि पुढच्या माणसाला म्हणाला, हां भाऊ, बोला. मी एवढी मरमर करून गेले आणि त्याला पत्ताच नाही. चिडून घरी आले. मॅडम म्हणाल्या, छान झालं. त्यांना सगळंच छान वाटतं.

ऑपरेशनला हो कधी म्हणणार, असं मी आता तोंडावर विचारते. त्या नाहीही म्हणत नाहीत. म्हणतात, तुम्हाला हनुवटी बदलून पाहिजे की हा विचार डोक्यातून जायला पाहिजे? मी म्हटलं, दोन्ही. त्या गप्प बसल्या. गप्प बसायचं शिक्षणच घेतलेलं असतं या लोकांनी.

आता पुढचं काम म्हणजे ओळखीच्या माणसांत जायचं. म्हणून पोळ्याला येते. दीड वर्षानं घरी येणार आहे. फक्त एवढं बघ, आल्या-आल्या कोणी माझ्या तोंडाबद्दल बोलू नये. साऱ्यांना तर तू आवरू शकत नाहीस, पण निदान तू. आणि यातलं काही बाहेर जाऊ देऊ नको. ही तुझी-माझी गोष्ट आहे.

दामिनी


धरमपेठ
२४ ऑगस्ट

आत्या,

पोळ्याला आले नाही हे तुला दिसलंच. बॅग घेऊन एसटी स्टँडवर गेले होते, तोंड उघडं ठेवून. समोर एका मुलीनं फोन वर केला, बहुतेक स्वतःचाच फोटो काढत होती. मी मागच्या मागे ऑटो केला आणि खोलीवर आले. त्याचं दुःख होतंच. म्हटलं, आत्याला सगळं नीट लिहीन, तिला कळेल.

दुसऱ्या दिवशी सुशीलचं स्टेटस पाहिलं. आपल्या गल्लीतून मारबतीचा पुतळा गावाबाहेर चालला आहे, मागे सगळ्या बाया आहेत आणि सगळ्यात पुढे तू, हात वर करून. खोकला घेऊन जा गे मारबत. डास घेऊन जा गे मारबत. आणि मग तुझा तो अंगणवाडीचा आवाज. दामिनीच्या हनुवटीचा घोर घेऊन जा गे मारबत. मागच्या साऱ्या बायांनी तेच म्हटलं. साऱ्या गल्लीनं माझी हनुवटी ओरडली, आत्या. सुशीलनं खाली हसण्याची चित्रं टाकली आहेत. माझ्या शाळेतल्या दोघींनी विचारलं, काय गं, हनुवटीला काय झालं?

जगात एका माणसाला सांगितलं होतं.

मॅडमचे पुढचे तास बंद केले. आता त्यांच्या हो ची गरज नाही. दुसरे डॉक्टर शोधले आहेत, ते असल्या अटी घालत नाहीत. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारची तारीख घेतली आणि सुट्टीही टाकली. तू येऊ नकोस. पत्रही लिहू नकोस.

दामिनी


खापा
३ सप्टेंबर

दामिनी,

लिवू नको म्हणाली तरी लिवून राहिली. बळीराम म्हणे, पोरगी भाजी घ्यायले आली होती पण बोलली नाई, पिशवी घेऊन निघून गेली. त्याच्या हाती पुन्हा देऊन राहिली. फाडायचं असन तं वाचून फाडजो.

पयले माहा राग ऐक. मले एवढंच येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातलं जे जे सलते त्याचं नाव घेऊन मी वरडते अन् थे गावाबाहेर जाते. माही आई वरडे, तिची आई वरडे. गेल्या साली तुह्या बापाची मूळव्याध वरडली, साऱ्या गल्लीनं म्हटलं, त्यानं काई मले पत्र लिवू नको म्हटलं नाई. तुही मॅडम म्हणते बोलू नका. बरं, तुह्याजवळ नाई बोलली. पण इथं माह्या घशाशी आलं होतं. तू पोळ्याले येतो म्हणून आली नाई. पुरणपोळ्या तशाच राहिल्या. मंग मी कोणाले सांगू? मारबतीले सांगितलं. नाव घेतल्याबिगर थे काय नेईन?

पण तुही गोष्ट बाहेर गेली. तू नको म्हटली होती अन् माह्याच तोंडून गेली. सुशीलले बोलली मी, त्यानं थे काढून टाकलं. पण गेलं थे गेलं.

आता पुढचं ऐक, थे जास्त कामाचं आहे.

त्याच दिवशी इंदूबाई आली. म्हणे दामिनीच्या हनुवटीले काय झालं? म्हटलं काई नाई, सरळ आहे. मंग यमुताई आली. तिले बी तेच म्हटलं. मंग पाण्याच्या नळावर, मंग देवळात, मंग बँकेत. जो थो तेच. सांगता सांगता माह्याच मनात आलं, एवढे विचारून राहिले तं पाहू तरी. पेटीतून तुह्या बारावीच्या सत्काराचा फोटो काढला. खिडकीजवळ नेला, डावा डोळा जवळ लावून पाहिला. सरळ होती. ठेवून दिला. इंदूबाई पुन्हा विचारून गेली, मंग पुन्हा काढला. बोट लावून पाहिलं. पट्टी लावून पाहिलं. अन् काय सांगू तुले, वाकडी दिसली. डावीकडं. तू म्हणते तशीच.

म्हटलं पोरगी खरं सांगत होती काय. मंग रुपरावचा फोटो काढला. त्याचीही वाकडी. माहा सोताचा लग्नातला काढला, माही तं लयच वाकडी. देव्हाऱ्यातली लक्ष्मी पाहिली तं तिचीही एका बाजूले गेली. चूल तशीच, भांडी तशीच, दुपार सारी त्यातच. तुही आई दारात येऊन म्हणे, वन्सं, काय करून राहिल्या?

एका दुपारात माही ही गत झाली वं. तू तीन वर्ष हे पाहून राहिली. मले तवा रडू आलं. तुह्यासाठी आलं.

मंग म्हटलं जयवंते, ऊठ आता. बरबटीच्या शेंगा सुपात पडल्या होत्या, थ्या सोलायले घेतल्या. सोलता सोलता इंदूबाई तिसऱ्यांदा आली. म्हणे, मंग, हनुवटीचं काय? मी तिले सरळही नाई म्हटलं अन् वाकडीही नाई म्हटलं. सूप तिच्याकडं सरकवलं, म्हटलं सोल. ती सोलत बसली. मंग तिनं तिच्या सुनेचं गाऱ्हाणं काढलं. मंग स्वैपाकाची वेळ झाली.

तुह्या मॅडमचं आता थोडंसं कळलं. पुरतं नाई.

करवत लावायची तं लाव. मी येईन. मागे येत नाई म्हटलं होतं, थे मागे घेतलं. एका डोळ्यानं का होईना, तुह्याजवळ बसीन. करवतीचं रुपरावले काई सांगणार नाई. आता खरंच नाई.

आत्या


धरमपेठ
१६ सप्टेंबर

आत्या,

पत्र वाचलं आणि 'वाकडी दिसली' पर्यंत आल्यावर चुरगळून कोपऱ्यात टाकलं. दोन दिवस तिथंच होतं. तीन वर्षं मी ज्याची वाट पाहत होते आणि ज्याला भीत होते तेच वाक्य. कोणीतरी खरं बोललं, असं वाटलं. मग झाडताना उचललं आणि पुढचं वाचलं. बाबा, तू, लक्ष्मी. आत्या, मी खूप दिवसांनी हसले आणि लगेच रडले. पट्टी लावून पाहिलंस म्हणतेस. माझ्याकडेही पट्टी आहे. गणिताची. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, मॅडमनासुद्धा नाही.

मी मॅडमना फोन करून वेळ मागितली. मला वाटलं रागावतील. त्या रागावल्या नाहीत, त्याचाही मला थोडा राग आला. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. मूळव्याधीच्या ठिकाणी त्यांनी आवाज बंद केला, पण खांदे हलताना दिसत होते. मग पट्टीचं सांगितलं. नेहमीसारखं 'छान' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, एवढं सारं एकटीनं करत होता.

तुला वाकडी दिसली आणि तू शेंगा सोलल्या, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मला दिसली की मी बाकीचं सगळं खाली ठेवते.

तारीख रद्द केली असं म्हणत नाही. पुढं ढकलली. त्या डॉक्टरांच्या माणसानं विचारलं, कधीची देऊ? मी म्हटलं, कळवते. फोन ठेवला आणि आरशासमोर गेलेच. सगळं सोडून दिलं असं समजू नको.

पण सुट्टी टाकलेली आहे. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी तुझ्या डोळ्याची वेळ घेतली आहे. मे महिन्यापासून तू प्रत्येक पत्रात डोळ्याचं लिहिलंस आणि मी एकदाही विचारलं नाही. बाबांना सांग, पेरणी, डवरणी, काय असेल ते करा, मी नेते. रविवारी बळीरामकाकांसोबत ये, ते तुला माझ्या खोलीपर्यंत सोडतील.

एकच भीती आहे, ती सांगून ठेवते. डोळ्याची पट्टी निघेल तेव्हा तुला पहिल्यांदा स्वच्छ दिसेल आणि समोर मी असेन. तेव्हा काही बोलू नको. वाईट तर नकोच, पण चांगलं मुळीच नको.

येताना जुना चष्मा आण. आणि तुझा गुडघा कसा आहे?

दामिनी


खापा
९ ऑक्टोबर

दामिनीले आशीर्वाद. ओळी पाह्य माह्या, कशा सरळ चालल्या.

घरी पोचली. गुडघा तसाच आहे. डोळ्यात थेंब टाकून राहिली. आता दिसते तं साराच वैताग दिसते. छताले एवढं जाळं होतं थे मले ठाऊकच नव्हतं. तुह्या आईले म्हटलं तं ती फुगून बसली. रुपराव म्हणे, हिचा मोतीबिंदू होता थेच बरं होतं. डाळीत खडे किती असतात वं, अन् आजवर आम्ही सारे थेच खात होतो.

तिथं मी काई बोलली नाई, कारण तू नको म्हटलं होतं. आता लिवते. हनुवटीचं नाई, भिऊ नको.

पट्टी काढली तवा पयले खिडकी दिसली. मंग हिरवा पडदा. मंग तू. स्कार्फ नव्हता. दोन्ही हातात माह्या चपला छातीशी धरून उभी होती, कारण त्याईनं बाहेर काढायले लावल्या अन् तुले वाटलं कोणी नेईन. तुनं तोंड उघडलं. मले कळलं तू काय विचारून राहिली. मीही दात आवळून बसली, कारण माह्याही तोंडावर आलं होतं. मंग तू म्हणाली, "आत्या, चालता येईन काय?" मी म्हटलं, येईन. तू खाली बसून माह्या पायात चपला घातल्या, उजवी डावीत अन् डावी उजवीत. मंग बदलल्या. तवर मले तुह्या केसाचा भांग तेवढा दिसत होता.

बरबटीच्या शेंगा बळीरामच्या हाती पाठवून राहिली. मुद्दाम सोलल्या नाई.

आत्या